पार्किंगमध्ये रात्रभर बांधलेल्या कुत्र्याबाबत – तिसरे पत्र

दि. 11 डिसेंबर 2025

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
मखमलाबाद रोड, नाशिक.

विषय: बी विंगच्या पार्किंगमध्ये रात्री साखळीने बांधला जाणारा कुत्रा, मागच्या गेटबाहेरचा कचरा आणि समितीची दि. 5 डिसेंबरची सूचना.

संदर्भ: माझी दि. 18 ऑगस्ट व दि. 27 ऑक्टोबरची पत्रे. (दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. उत्तर एकाचेही नाही.)

महोदय,
स. न. वि. वि.

मी ए विंगमध्ये तेरा वर्षं राहते. माझा मेन्टेनन्स एकदाही थकलेला नाही. टाकीचा वाद झाला, लिफ्टच्या कंत्राटाचा वाद झाला, मी कधी त्यात पडले नाही. तेव्हा हे तिसरं पत्र एका भांडखोर बाईचं म्हणून बाजूला ठेवू नये.

3 डिसेंबरच्या रात्रीचा जो व्हिडिओ ग्रुपवर फिरला तो अठरा सेकंदांचा आहे. मी वॉचमनच्या केबिनमध्ये बसून कॅमेऱ्यातली पूर्ण सात मिनिटं पाहिली. 2 वाजून 41 मिनिटांनी बिबट्या पाटाच्या बाजूने भिंतीवर चढतो आणि तिथेच दबून बसतो. खाली खांबाला ब्रूनो बांधलेला आहे. तो आधी जिवाच्या आकांताने भुंकतो. मग एकदम गप्प होतो आणि खांबाभोवती फिरायला लागतो, कारण त्याला लपायला जागा हवी आहे. साखळीचे खांबाला दोन वेढे पडतात, ती आखडत जाते आणि शेवटी त्याची मान खांबाला चिकटते. मग तो पोट फरशीला टेकवून तसाच पडून राहतो. कॅमेरा लांब आहे, तरी त्याच्या पाठीची थरथर दिसते. बिबट्या अर्धा अधिक खाली उतरलेला असताना वॉचमन काठी आपटत, बॅटरी मारत येतो, म्हणून तो कुत्रा आज जिवंत आहे. त्या माणसाचे आभार समितीने अजून मानलेले नाहीत. त्याची पाच वर्षांची मुलगी ज्या खोलीत झोपते ती त्या खांबापासून दहा पावलांवर आहे, हेही कुणी बोलत नाही.

यानंतर दोन दिवसांनी समितीची सूचना फलकावर लागली. पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये बंदी. प्राणी पाळणाऱ्यांना दरमहा 500 रुपये स्वच्छता शुल्क. सोसायटीबाहेर कुत्र्यांना खायला घालू नये. आणि वनविभागाला पिंजरा लावायला सांगणार. ही चार कलमं मी तीन वेळा वाचली. त्यात साखळीचा उल्लेख नाही, कचऱ्याचा नाही, आणि ज्यांचा कुत्रा रात्रभर भिंतीखाली बांधलेला असतो त्या सभासदांचाही नाही.

ब्रूनोचं सगळं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. वाचलं गेलं नसावं, म्हणून परत लिहिते. लॉकडाऊनमध्ये मुलं घरात कंटाळली म्हणून त्याला आणलं. सहा महिने त्याला लिफ्टमधून, गाडीतून मिरवलं. लॅब्रॅडॉर मोठा झाला, केस गळायला लागले, सोफा कुरतडला, तसा तो खाली आला. आधी दुपारपुरता, मग रात्रीचाही. आता जवळजवळ तीन वर्षं तो त्या खांबाशीच आहे. मी शिवणाची टेप नेऊन साखळी मोजली आहे. साडेतीन फूट. पट्ट्याखाली मानेचे केस गेलेत आणि तिथली कातडी लाल आहे. कोपरांवर फरशीचे घट्टे पडलेत. कानात गोचीड. पाण्यासाठी डिस्टेंपरची जुनी बादली आहे, तिच्या कडांना हिरवं शेवाळ असतं. सध्या नाशिकची थंडी काय आहे हे आपल्याला सांगायला नको, आपण स्वतः कानटोपी घालून वॉकला जाता. त्या कुत्र्याखाली साधं पोतंही नव्हतं. गोणपाट मी टाकलं. दुसऱ्या दिवशी ते कचऱ्यात होतं.

रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते. ती कधी दिली असं मी त्या घरी विचारलं, तर उत्तर मिळालं, "काकू, तुम्ही तुमच्या कुत्रीचं बघा." आपण स्वतः मला जिन्यात म्हणालात की कुत्रा त्यांचा आहे, त्यांचं ते बघतील. ते बघत नाहीत, म्हणून तर मी आपल्याकडे आले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये अवाजवी आखूड साखळीला जनावर फार वेळ बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडू-फिरू न देणं, दोन्ही गोष्टी स्पष्ट गुन्हा म्हणून लिहिल्या आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये आहे. तेवढ्यासाठी शेजाऱ्यावर पोलीस घालणं मला पटलं नाही. समिती एका शब्दात काम करू शकते असं वाटलं, म्हणून तीन पत्रं लिहिली. शिवाय उपविधीप्रमाणे पार्किंग वाहनासाठी आहे. माझ्या भाचीची स्कूटी दोन दिवस उभी राहिली तर मला नोटीस आली होती. इथे तीन वर्षं एक जिवंत प्राणी बांधलेला आहे.

आता माझ्या चिंगीबद्दल. सप्टेंबरमध्ये रात्रीच्या भुंकण्याबद्दल जी नोटीस लागली तिच्यात फक्त माझ्या सदनिकेचा नंबर होता. चिंगी रात्री साडेनऊला माझ्या पलंगाखाली झोपते आणि सकाळी सहाला उठते. ती गावठी आहे, म्हसरूळच्या रस्त्यावर पावसात सापडली. तिची नसबंदी झाली आहे, लसीकरणाचं कार्ड मी समितीला दाखवलं आहे, बाहेर पडले की माझ्या पिशवीत कागद आणि पिशव्या असतात. रात्री भुंकत होता तो ब्रूनो. तो का भुंकत होता हे 3 तारखेला सगळ्यांनी पाहिलं. वॉचमन सांगतो की दिवाळीनंतर तीनदा तो असाच रात्री पिसाटल्यासारखा भुंकला. ते कुत्रं तीन महिने आपल्याला काहीतरी सांगत होतं आणि आपण नोटीस माझ्या नावाने लावली. ती अजून फलकावर आहे.

लिफ्टबंदीबद्दल एवढंच सांगते की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. जादा शुल्क मी भरणार नाही. खायला घालण्याबाबत म्हणाल तर प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 मध्ये जागा आणि वेळ सोसायटीने ठरवून द्यायची आहे. समितीने ती ठरवली नाही, म्हणून मी ठरवली. पुढच्या गेटपासून पंधरा पावलांवर, संध्याकाळी सातला, तीन कुत्री, तिघांचीही नसबंदी झालेली. दहा मिनिटांत ताटल्या उचलून मी जागा धुते. याला घाण म्हणणारे सभासद रविवारी रात्री चिकनची हाडं कुठे टाकतात ते पुढे लिहिते.

पिंजऱ्याचा आग्रह मात्र कृपया सोडावा. लोक घाबरलेत हे मला कळतं. गेल्या महिन्यात गंगापूर रोडला भरवस्तीत बिबट्या शिरला, माणसं जखमी झाली, ते सगळ्यांनी बघितलंय. मीही घाबरले आहे. पण बिबट्या हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. त्याला पकडायची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते, सोसायटीच्या ठरावाने नाही. आणि तो आला कशाला हे न बघता नुसता पिंजरा लावला तर काय होतं, ते जुन्नरने भोगलं आहे. तिथे 2001 पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली आणि त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं, घरी परतायला निघतं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक म्हातारा बिबट्या माळशेजला सोडला, तर गळ्यात माग काढणारी कॉलर घेऊन तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. आणि इथला एक उचलला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, कारण इथे त्याचं खाणं तसंच असतं.

त्याचं खाणं म्हणजे काय? आपल्या सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. वजनाच्या हिशोबाने त्यांच्या खाण्यात 87 टक्के पाळीव आणि वस्तीतले प्राणी होते, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, 39 टक्के. शेळ्या त्याच्या खूप मागे. म्हणजे बिबट्या माणसाच्या मागे येत नाही, कुत्र्याच्या मागे येतो, आणि कुत्रं कचऱ्याच्या मागे. मग मळे आणि पाट एका बाजूला, उघडा कचरा दुसऱ्या बाजूला आणि मधोमध साडेतीन फुटी साखळीला बांधलेला, पळू न शकणारा कुत्रा. बोकड बांधून वाट बघतात तसं आपण हे मांडून ठेवलंय. एकदा इथे सहज शिकार मिळाली की तो परत येणारच, आणि त्या खांबापासून दहा पावलांवर एक लहान मूल झोपतं, हे मी पुन्हा लिहिते.

घंटागाडी सकाळी आठच्या सुमाराला येते. बी विंगचा कचरा रात्री दहालाच मागच्या गेटबाहेर जातो, झाकण नसलेल्या ड्रममध्ये. बुधवार आणि रविवारी त्यात काय असतं ते वासावरून कळतं. मध्यरात्री तिथे सहा-सात कुत्री असतात. ही माझ्या तीन कुत्र्यांपैकी नाहीत, मी मुद्दाम जाऊन पाहिलंय. कचऱ्याला घुशी येतात. घुशींमागे साप येतात. पावसाळ्यात मीटर रूमपाशी धामण निघाली तेव्हा मी सर्पमित्राला फोन केला होता, तो पंचवीस मिनिटांत पोचला. तोवर आपल्याच पार्किंगमध्ये ती काठ्यांनी ठेचून झाली होती. धामण बिनविषारी असते, उंदीर-घुशी खाते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसांना हे माहीत नसावं याचं मला फार वाईट वाटलं. तिला मारल्यापासून घुशींनी दोन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या, त्यांतली एक गाडी समिती सदस्यांचीच आहे.

आणखी एक गोष्ट आजवर बोलले नाही. शेजारधर्म म्हणून बोलले नाही. माननीय सचिवांच्या बाल्कनीत पोपटाचा पिंजरा आहे. आपला देशी पोपट पिंजऱ्यात पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. तो पक्षी दिवसभर त्याच दांडीवर इकडून तिकडे सरकत असतो, छातीची पिसं त्याने स्वतः उपटली आहेत. मला कुणाची तक्रार करायची हौस नाही. परंतु जे पाळीव प्राण्यांबद्दल नियम करायला बसलेत त्यांनी आधी घरात बघावं, एवढी अपेक्षा गैर नाही.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. बी विंगमधल्या चार घरांनी मला स्वतःहून सांगितलं की काकू, तुमचं बरोबर आहे. दोघांनी सही करायची तयारी दाखवली होती, नंतर वाद नको म्हणाले. त्यांची नावं मी लिहीत नाही. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टरसुद्धा ब्रूनोच्या मानेबद्दल माझ्याशी सहमत आहेत.

माझं मागणं फार नाही. ब्रूनो दिवेलागणीनंतर त्याच्या माणसांच्या घरात असावा, आजपासून. त्यांना ते जमत नसेल तर त्यांनी तसं लिहून द्यावं, मी त्याला सांभाळायला तयार आहे, साठीतही दोन कुत्री मला झेपतील. कचरा सकाळी सातनंतरच बाहेर जावा आणि ड्रमला झाकण असावं. मागच्या भिंतीलगतचं गवत आणि घाणेरी काढावी, दिवा रात्रभर चालू असावा. वॉचमनच्या कुटुंबाला पुढच्या बाजूची रिकामी खोली द्यावी, तिथे सध्या गणपती मंडळाचे पाइप ठेवलेत. बिबट्या दिसला तर गर्दी न करता, पाठलाग न करता, व्हिडिओ काढत न बसता सगळ्यांनी घरात थांबावं आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करावा, हे फलकावर लावावं. आणि चिंगीच्या नावाची नोटीस काढावी. ती ज्या आकाराच्या कागदावर लावली तेवढ्याच कागदावर दुरुस्तीही लावावी.

सभा बोलवायची तर बोलवा, मी येईन. पण सभेची तारीख निघेपर्यंत तो कुत्रा त्याच खांबाला असेल. काल रात्री अकराला मी खाली गेले तेव्हा साखळीचा एक वेढा पुन्हा पडला होता. मी तो सोडवला. मागच्या दिव्याचा बल्ब गेलेला आहे, हातातल्या मोबाइलच्या उजेडात सोडवला.

आज रात्रीही अकरा वाजता मी खाली असेन. आपण पाच मिनिटं यावं, त्याच्या मानेला स्वतः हात लावून बघावा.

आपली,
ए विंगमधील सभासद

सोबत: ब्रूनोच्या मानेची व साखळीची छायाचित्रे (3), चिंगीच्या लसीकरण कार्डाची प्रत.
प्रत: सचिव, खजिनदार, दोन्ही विंगचे सूचना फलक.