नांदेडच्या ताईंना, परभणीहून

ताई, सप्रेम नमस्कार.

पायथन या संगणक-भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम वेगवान कसा करायचा हे तुम्ही फोनवर शिकवलंत, त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे उघड पत्र.

आमचा शेतकरी गट मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदी तपासतो. चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. पंचनाम्याची मागणी करायची तर मंडळांची यादी सकाळीच हातात हवी. नोंदींची सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींचा साधा तक्ता, काही जीबींची. पायथनचा प्रोग्राम आकडे बरोबर काढायचा, पण यादी निघेस्तोवर दुपार टळून जायची.

मी नव्या लॅपटॉपचा विचार करत होते. तुम्ही म्हणालात, "आधी वेळ कुठं जातोय ते मोजा." कोणत्या फंक्शनला किती वेळ लागतो ते मोजणारा, पायथनसोबतच येणारा सीप्रोफाइल तुम्ही चालवायला लावलात. मला वाटत होतं, वेळ फाइल वाचण्यात जातोय. तो जात होता तारखांमध्ये! प्रत्येक ओळीची तारीख स्ट्रपटाइम, म्हणजे मजकुरातून तारीख-वेळ काढणारं फंक्शन, नव्यानं उलगडत होतं. पण एका वेळेची नोंद शेकडो केंद्रांकडून येते, म्हणजे तोच मजकूर पुन्हा पुन्हा. त्या फंक्शनवर एलआरयू कॅशे, म्हणजे आधीची उत्तरं साठवून ठेवणारी सोय, लावल्यावर एकदा उलगडलेली तारीख लक्षात राहू लागली, आणि सगळ्यात मोठा फरक तिथंच पडला.

मंडळांची नावं लिस्टऐवजी सेटमध्ये घेतली. लिस्टमध्ये पायथन पहिल्या नावापासून शोधत जातं, सेटमध्ये हॅशवरून, म्हणजे नावावरून काढलेल्या आकड्यावरून, थेट पोचतं. सगळ्या ओळी एकदम मेमरीत घेणारं रीडलाइन्स काढून फाइलवरच फॉर लूप फिरवला. आता एका वेळी एकच ओळ येते, मेमरी भरत नाही.

एकाच प्रोग्रामात कामाचे समांतर धागे, म्हणजे थ्रेड, वापरू का असं मी विचारलं, तेव्हा पायथनचं जीआयएल नावाचं कुलूप तुम्ही न कंटाळता समजावलंत: एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो, म्हणून नुसत्या हिशेबाला थ्रेडचा उपयोग नाही, वेगळ्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे प्रोग्राम, लागतात. वर हेही सांगितलंत, की माझ्या कामाला त्याचीही गरज नाही. एवढं स्पष्ट सांगणारं माणूस भेटणं मी मोठं भाग्य समजते.

तयार कोड पाठवणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही प्रत्येक ओळ माझ्याकडूनच लिहून घेतलीत. म्हणून यंदा केंद्रांच्या फाइलचा साचा बदलला, तेव्हा दुरुस्ती मलाच करता आली. सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, त्या दिवशी यादी सकाळच्या चहाआधी गावोगावी गेली. गटातल्या सगळ्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.