मध्यस्थाला वस्तू हाताळता यायला हवी

माननीय संपादक,
स. न.

कला आणि सांस्कृतिक वारशाच्या वादांसाठी मध्यस्थ घडवण्याविषयी कालच्या अंकात आलेल्या लेखात कायद्याचे तास, संवादकौशल्याचे तास, परीक्षा, प्रमाणपत्र असे सगळे आले. ज्या वस्तूवरून भांडण होते तिचा मात्र कुठे उल्लेख नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांच्या रेखाटनांचे एक बाड एका संस्थेने प्रदर्शनासाठी नेले आणि परत दिले नाही. लेखी म्हणाल तर एक पोचपावती, तीवर ‘देणगी’ की ‘उसनवार’ हे लिहिलेले नाही. मध्यस्थीला आम्ही आनंदाने तयार झालो. मध्यस्थ व्यापारी तंट्यांत मुरलेले होते आणि बोलायला अतिशय सौजन्यशील होते. पण पहिल्याच बैठकीत त्यांनी बाड पुढ्यात ओढले, बोटाला थुंकी लावून पाने उलटली आणि याची किंमत किती धरायची, असे विचारले. किंमत कोणालाच सांगता येईना, तेव्हा निम्मी पाने तुम्हाला, निम्मी संस्थेला, असा तोडगा त्यांनी काढला. ज्या बाडात एकच चेहरा पानामागून पान वयस्क होत जातो आणि एका पानावरची शाई समोरच्या पानावर उमटलेली आहे, ते मधोमध उसवायचे! मी बैठकीतून उठून आले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पैशाच्या वाटणीपलीकडे पाहिले तर मार्ग सापडतात. स्वित्झर्लंडमध्ये १७१२च्या युद्धात झुरिक प्रांताने नेलेल्या वस्तूंवरून सेंट गालेन प्रांताशी चाललेला वाद २००६ मध्ये स्विस सरकारच्या मध्यस्थीने मिटला. झुरिकची मालकी सेंट गालेनने मान्य केली, त्या वस्तू सेंट गालेनच्या अस्मितेचा भाग आहेत हे झुरिकने मान्य केले. काही हस्तलिखिते बेमुदत उसनी म्हणून सेंट गालेनला परत गेली, आणि भव्य पृथ्वीगोल झुरिकमध्ये ठेवून त्याची हुबेहूब प्रतिकृती झुरिकने करवून दिली. असे तोडगे सुचायचे तर वस्तू कोणाकोणाच्या हातांतून आली, तिची डागडुजी कधी झाली, ती प्रवास सोसेल का, हे विचारायची सवय मध्यस्थाला प्रशिक्षणातच लागली पाहिजे, आणि ती संग्रहपाल व जतनतज्ज्ञ यांच्याशेजारी बसूनच लागते.

आणखी एक. त्याच लेखात ‘लवाद’ आणि ‘मध्यस्थ’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत. लवादाचा निवाडा पक्षकारांवर बंधनकारक असतो, मध्यस्थ निवाडा देतच नाही. आमच्या बाबतीत संस्थेचा प्रतिनिधी याच गैरसमजापोटी तीन बैठका तोंड मिटून बसला होता. कृपया दुरुस्ती छापावी.

आपली,
एक नियमित वाचक