आपली सुरी जाई मागतेय

पुणे, २० नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. शुगर जागेवर आहे, गुडघा जागेवर नाही, तब्येतीचं एवढंच.

जाई आपली सुरी मागतेय. डिसेंबरात तिचा ग्रुप बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर चढणार आहे. फोनवर सांगितलं असतं तर ‘दे की, त्यात काय एवढं’ म्हणून तू मोकळा झाला असतास आणि मग रात्री दोनला मेसेज टाकत बसला असतास. त्यापेक्षा हे बरं.

आधी सुरीची हालहवाल. माळ्यावरून काढली तेव्हा मूठ उभी चिरलेली. बाभळीची मूठ पावसात टिकत नाही हे मी तेव्हाच म्हणत होतो, पण तुला लोहाराचं मन मोडवेना. आता शिसवाच्या दोन फळ्या बसवल्यात, आजीच्या मोडक्या पाटाच्या. अराल्डाइट आणि दोन पितळी पिना. वर जवसाचं तेल, दोन-तीन हात, प्रत्येक वेळी पुरतं वाळू देऊन. दोरीसाठी मागे एक भोक हवं होतं. वाटलं ड्रिलचं टोक मोडणार, पण लोण्यात गेल्यासारखं गेलं. म्हाताऱ्या लोहारानं पाणी फक्त धारेला पाजलेलं, मुठीतला भाग आणि पाठ मऊच ठेवलेली. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यातून त्यानं काय वस्तू काढली होती, हे मला आत्ता कळतंय.

पाठ मऊ म्हणून तिच्यावर कानस चालली. गोल झालेली कड घासून काटकोनात आणली, ठिणग्या पाडायच्या फेरो रॉडसाठी. चकमकीत गारगोटी पोलाद खरवडते आणि ठिणगी पोलादाची असते. इथे उलटं, सुरीची पाठ रॉड खरवडते आणि जळतो तो रॉडचा कीस. म्हणजे धार वापरायची गरजच नाही. तू मात्र धारेनंच घासायचास आणि मग टोमॅटो चिरताना मला शिव्या द्यायचास. मऊ पाठीची कड लवकर मरणार, ट्रेकला निघण्याआधी दर वेळी कानस फिरवावी लागेल, एवढंच. ग्राइंडर मुद्दाम लावला नाही. पातं निळं पडलं की पाणी उतरलं, मग ती लोणी लावायची सुरी.

पात्यावरचे आपल्या कैऱ्यांचे काळे डाग तसेच ठेवलेत. जाई घासायला निघाली होती, तिला म्हटलं त्या काळ्यानंच तांबेरा अडतो. तिनं माझ्याकडे तू बघायचास तसं बघितलं. खोबरेल तेल लावून ठेवलीय.

आता म्यान. माझं कातडं आणि तुझा पाइप, हे भांडण तुला आठवतच असेल. मी कोल्हापूरहून सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं आणलं. क्रोमचं नको, त्यातल्या क्षारांनी पातं गंजतं. धारेच्या बाजूला मध्ये कातड्याची एक पट्टी घातली, नाहीतर सुरी टाकेच कापत सुटते. एकाच दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया, मेण लावून. मग ओलं करून सुरीवर दाबून वाळवलं, खाली पाण्याला एक भोक. झकास झालं. अरे, पण पावसात भिजलं की ते ढिलं पडतं आणि वर बुरशी. म्हणून (हस, हस) तुझ्या पद्धतीनं पीव्हीसीचा तुकडाही तापवला आणि दोन फळ्यांत दाबला. किंचित जास्त तापला, स्वयंपाकघरात धूर, आणि सुमानं मला पाइपसकट गच्चीवर काढलं. तो धूर खरंच वाईट असतो, तू तुझ्या बंद गॅलरीत हे उद्योग करू नकोस. पण सुरी त्यात ‘टक्’ करून बसते. उलटी धरून झटकली तरी पडत नाही.

हे सगळं झालं आणि मग प्रश्न आला की ती बांधायची कुठे. कमरेला मागे आडवी लावली तर पाय घसरून पाठीवर पडल्यावर मणक्यात. गळ्यात अडकवली तर झाडीत दोरी अडकणार. ताण आल्यावर सुटेल अशी गाठ मारता येते, पण मग सुरीच दरीत. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर उलटी, हे तिचं म्हणणं. दिसायला छान, हाताशीही येते. पण बंड्या, दोर तिथूनच जातो. ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी पुरतं, हे साधले घाटातल्या त्या प्रसंगानंतर तुला मी सांगायला नको. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘बाबा, तुमच्यापाशी होतीच ना तेव्हा?’ होती. आणि नसती तर काय झालं असतं तेही आपल्याला माहीत आहे. यातलं कुठलं तिला सांगायचं?

एक मन म्हणतं, दोराच्या टप्प्यावर सॅकच्या आत, म्यानासकट, आणि चेन लावलेली. पण आत ठेवली तर गरजेला हाताला लागत नाही, मग न्यायची कशाला? सुमा म्हणते सुरी नकोच, शिट्टी दे. शिट्टी तर दिलीच आहे.

कायद्याचं तिनंच शोधलं, बापावर भरवसा नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा शस्त्र कायद्यात उल्लेख आहे, आपली चार इंचीच. पण मेट्रोच्या मशीनवरच्या माणसाशी इंचांवर वाद घालू नकोस, असं बजावलंय.

तुझी बदली झाली का रे? आईंच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? वहिनींना म्हणावं संत्रा बर्फी पोचली, डबा परत मिळणार नाही.

तर सुरी कुठे बांधायची ते तू तिला फोन करून सांग. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते, यामागचं कारण मी शोधत नाही. साधले घाटाचं सांगायचं की नाही तेही तूच ठरव. सांगितलंस तर सगळं सांग, मी ओरडलो तेही. फक्त दहा डिसेंबरच्या आत.

कातड्याची पट्टी उरलीय, चष्म्याचं घर शिवून हवं असेल तर माप पाठव.

तुझा,
नंदू