दोन-चार फोटो पुरणार नाहीत

लंडन

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. इमारत पाडायचे अखेर ठरले, पुढच्या महिन्यात घरे रिकामी करायची आहेत आणि त्याआधी तुम्ही ‘समोरून दोन-चार फोटो काढून ठेवणार’ आहात, हे वाचले. त्या दोन-चार फोटोंबद्दलच हे पत्र लिहिते आहे, कारण इथे मी त्याहूनही कमी करून बसले आहे.

माझ्या ऑफिसच्या वाटेवर पिवळसर विटांचे एक जुने गोदाम होते. चार वर्षे रोज त्याच्यासमोरून गेले. पाडकामाची नोटीस दारावर लागली तेव्हाही, एखाद्या रविवारी चांगले ऊन पडले की कॅमेरा घेऊन येऊ, असे म्हणून पुढे गेले. ऊन पडले त्या रविवारी परांची बांधून अख्खी इमारत पांढऱ्या प्लॅस्टिकने झाकलेली होती. आता माझ्याकडे त्या गोदामाचा एकच फोटो आहे, आणि त्यात ते एका मैत्रिणीच्या खांद्यामागे आहे. वास्तविक उन्हाची वाट पाहायचे कारणच नव्हते. कडक उन्हात छज्ज्याखालचे सगळे काळे पडते, ढगाळ दिवशी मात्र विटांमधले सांधेसुद्धा स्पष्ट येतात.

या शहरात हे काम फार पूर्वी कुणीतरी नीट केलेले आहे. १८७५ मध्ये सेंट पॉल कॅथेड्रलजवळच्या वॉरिक लेनमधली ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ ही जुनी सराई पाडली जाणार असल्याचे कळल्यावर काही मंडळींनी, ती वाचवणे हाती नाही हे ओळखून, निदान तिचे फोटो काढवून घेतले. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने १८८६ पर्यंत जुन्या लंडनचे १२० फोटो प्रसिद्ध केले. आणि त्या काळचे चांदीच्या क्षारांवरचे फोटो पिवळे पडून फिके होत म्हणून ते मुद्दाम कार्बन पद्धतीने, म्हणजे चांदीऐवजी काजळीसारख्या न विटणाऱ्या रंगाने, छापले. पॅरिसमध्ये अत्जे नावाचा फोटोग्राफर तर जिन्यांचे कठडे आणि दारांच्या कड्यासुद्धा टिपत असे. मला तोच अधिक जवळचा वाटतो.

तेव्हा बाबा, दर्शनी भागाचा एकच फोटो पुरे. तोही शक्यतो समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून घ्या; रस्त्यावरून फोन वर तिरपा केला की भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. बाकी सगळा वेळ जिन्याला द्या. पहिल्या वळणावरची पायरी मध्ये झिजून खोलगट झाली आहे, पण वरून फोटो काढलात तर तो खोलगटपणा दिसणारच नाही. सकाळी खिडकीतून उजेड आडवा येतो तेव्हा फोन पायरीच्या पातळीला आणा आणि शेजारी मोजपट्टी उघडून ठेवा. कठडा वळणावर हातांनी गुळगुळीत झाला आहे, तो जवळून घ्या. मीटरच्या फळीवर रंगवलेले खोल्यांचे क्रमांक, काळी गोल बटणे, गच्चीच्या दाराचा अडसर हेही राहू देऊ नका.

एक गोष्ट सहसा कुणाला सुचत नाही: गॅलरीत उभे राहून बाहेरचा फोटो घ्या. इमारत गेली की त्या उंचीवरून, त्या कोनातून दिसणारा रस्ताही जाणार. नव्या इमारतीतला आपला मजला वेगळाच असेल. आणि हे सगळे सामान हलवण्याआधी करा. रिकाम्या खोलीच्या फोटोत नुसत्या भिंती येतात, तिथे कोण कसे राहत होते ते येत नाही. शेजाऱ्यांच्या घरात जायचे तर अर्थात विचारून जा.

फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवू नका. तिथे ते लहान होतात आणि काढल्याची तारीखही गळून जाते. दादाला मूळ फाइल्सच्या दोन प्रती करायला सांगा, एक त्याच्याकडे आणि एक मावशीकडे. कोणता फोटो कुठल्या मजल्यावरचा आणि कोणत्या दिशेचा, हे वहीत त्याच दिवशी लिहा. महिन्याभरात सगळे जिने सारखे दिसू लागतात.

आई फोटोत उभी राहायला नाही म्हणेल. आग्रह करू नका, पण ओट्याशी कुणी उभे असल्याशिवाय तो किती ठेंगणा होता हे फोटोत कळणार नाही, एवढे तिला सांगून पाहा.

तुमची,
धाकटी