निळ्या फायलीतलं पत्र

पुणे,
बुधवार, रात्री साडेअकरा

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या निळ्या फायलीत सरकवतोय. गाडी लोणावळा सोडेल तेव्हा वाच, आत्ता नको. संध्याकाळी मी जे बोललो ते बोलायला नको होतं, राजूसमोर तर नाहीच नाही. "घर काय तुझ्या एकटीचं आहे का?" हे तोंडातून गेलं आणि तू चहा तसाच टाकून उठलीस. आई अजून माझ्याशी बोलत नाहीये. मशिनांच्या कर्जासाठी घर तारण ठेवायच्या त्या सहीबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तर आधी प्रवासाचं. सीएसएमटीपर्यंत जाऊ नकोस, दादरला उतर. शुभाकडे बॅग टाक, दोन घास खा आणि मगच बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नीघ. दादरहून आता भुयारी मेट्रो आहे. शितलादेवी, धारावी, की आलंच बीकेसी. मी पहिल्यांदा तो भाग पाहिला तेव्हा मिठी नदीच्या काठची दलदलच होती बरीचशी. आता तिथे राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी, हिऱ्यांचा बाजार, सगळं आलंय. गेटवर ओळखपत्र आणि पास यांत वेळ जातो, तेव्हा अर्धा तास आधीच पोच. आत एसी फार असतो, स्टोल ठेव.

आणि बँकवाल्यांनी कागद पुढे केले, तर "वाचून सोमवारी कळवते" म्हण. एवढंच. पुढे नाही लिहीत.

शुक्रवार तुझा मोकळा आहे ना, तर फोर्टात जा. मेट्रोने हुतात्मा चौकाला उतर, स्मारकापाशी क्षणभर थांब आणि हॉर्निमन सर्कलकडे चालत सूट. टाउन हॉल दिसेल, १८३३ सालचा. त्याच्या पायऱ्यांवर मी आणि तुझी आई डबा सोडून बसलो होतो, तू तेव्हा दीड वर्षाची. समोर वडाची झाडं होती म्हणे, त्यांच्या सावलीत दलाल जमायचे. त्यांनीच पुढे १८७५ मध्ये संस्था काढली, प्रवेश फी एक रुपया. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. दलाल स्ट्रीटवर त्याच्या दारात ब्राँझचा बैल आहे. त्याच्याबरोबर फोटो काढून आईला पाठव, तिला गंमत वाटेल.

राजाबाई टॉवरही बघ. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावासाठी पैसे दिले, ते कापसाच्या तेजीत. अमेरिकेतली यादवी १८६५ मध्ये संपली, कापूस कोसळला आणि त्याच्यासकट अर्धी मुंबई बुडाली. आधी देऊन टाकलेल्या पैशाचा टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. आता यातून मी तुला काय सांगू पाहतोय ते तुझ्या लक्षात आलं असेलच. आलं असेल तर दुर्लक्ष कर.

खरं म्हणजे फोर्टचं नाव काढलं की मला ती पायऱ्यांवरची दुपार आठवत नाही, त्यानंतरची, १९९६ मधली आठवते. बापूच्या कर्जाला जामीन राहायला त्याच्याबरोबर गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, पंखा कुरकुरत होता. साहेब भला माणूस, चहा मागवला. कागदांवर मी जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या. मी फुल्या शोधत गेलो, मजकूर नाही वाचला. सात की आठ सह्या. मग बापूने इराण्याकडे ब्रून मस्का खायला घातला. त्या ब्रून मस्क्याचे हप्ते मी २००४ पर्यंत फेडले. आईच्या पाटल्यांचं तुला माहीत आहेच.

नंतर वकिलाने समजावलं. १८७२ चा करार कायदा, कलम १२८. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी बापूला गाठा, मग मला, असं काही बंधन बँकेवर नाही. थेट माझ्या दारात आली.

तू म्हणालीस, "बाबा, आपण प्रायव्हेट लिमिटेड केलीय." बरोबर. पण डायरेक्टर म्हणून पर्सनल गॅरंटीवर सही केलीस, की ते 'लिमिटेड' तुझ्यापुरतं संपलं. सरकारी हमी योजनेची मर्यादा आता १० कोटी आहे म्हणतात, त्यात घर तारण द्यावं लागत नाही. दोन व्हीएमसी, म्हणजे तुझी ती कॉम्प्युटरवर चालणारी धातूकामाची मशिनं, त्यात बसतात का, एवढं तरी विचार. व्याज थोडं चढं पडलं तरी चालेल.

झालं, परत तिथेच आलो. आई म्हणते तेच खरं, मी सुरू झालो की थांबत नाही. माफ कर.

एक सांगायचं राहिलंय, तोंडावर जमत नाही. चाकणच्या परचेसवाल्याकडे तू दर वाढवून मागितलास, त्या दिवशी मी केबिनबाहेर उभा होतो. आवाज न चढवता तू वह्या उघडून पत्र्याचे भाव दाखवलेस. मला तीस वर्षांत एकदाही ते जमलं नाही, मी मान हलवून बाहेर यायचो. घरी येऊन आईला दोनदा सांगितलं. तुला नाही सांगितलं.

तेव्हा तू वाचशील, फुल्या शोधणार नाहीस, हे मला कळतं. रात्री अकरा वाजता मात्र कळत नाही.

बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात बेरी पुलाव खा, पण दुपारीच जा. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर बस, घाई करू नकोस. मुक्काम वाढला तर शुभाला सांग, मला नंतर कळवलंस तरी चालेल.

डब्यात मेथीचे पराठे आहेत. खरेदीखताची झेरॉक्स फायलीच्या मागच्या खिशात ठेवलीय. मूळ प्रत लोखंडी कपाटात. किल्ली कुठे असते ते तुला माहीत आहे.

तुझा,
बाबा