पाटीवर जाबुतिकाबा, कुंडीत जांभूळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शेतीच्या पानावर ब्राझीलच्या जाबुतिकाबाबद्दल आलेलं वाचलं. खोडालाच काळ्या द्राक्षांसारखी फळं लागलेला फोटो पाहून आमच्या गावात तिघांनी रोपं मागवायचं ठरवलंय, म्हणून घाईनं लिहिते आहे.

आमची आर्वी तालुक्यात संत्र्याची बाग. परदेशी झाडांची हौस मात्र माझी एकटीची. 2017 मध्ये असाच फोटो पाहून मी चौदाशे रुपयांचं एक रोप मागवलं. दुसऱ्या पावसाळ्यात आमचा सालदार म्हणाला, "काकू, हे तं जांभूय होय." मी त्यालाच झापलं. पाटीवर नाव छापलेलं होतं ना! चौथ्या वर्षी पानं तळहाताएवढी झाली तेव्हा गप्प बसले.

दोन्ही झाडं एकाच कुळातली, पेरूही त्यातलाच. त्यामुळे रोप लहान असताना फसायला होतं. जांभळाच्या पानाला चांगला बोटाच्या पेराएवढा देठ असतो. जाबुतिकाबाचं पान बारीक, टोकदार आणि फांदीला जवळजवळ चिकटलेलं. घेताना मी देठ बघितलाच नाही.

मग जाबुतिकाबाच्या बिया मागवल्या. पाकिटात छान वाळलेल्या आल्या, एकही उगवली नाही. संत्र्याच्या कलमांसाठी खुंट म्हणून लावतो त्या जंबेरीचं बी आपण वाळू देत नाही, तरी हे मला सुचलं नाही! जाबुतिकाबाचं बी वाळलं की मेलं.

आता माझ्याकडे खरं जाबुतिकाबाचं रोप आहे, ड्रममध्ये. जमिनीत लावायची हिंमत नाही, कारण त्याला आंबट माती लागते आणि आपल्या काळ्या मातीत चुनखडी. चुनखडीनं पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, हे संत्र्यावर सगळ्यांनीच पाहिलंय. लाल माती, पालापाचोळ्याचं खत, साठवलेलं पावसाचं पाणी आणि मे महिन्यात हिरवी जाळी, एवढं करून ते जगलंय. फळ अजून नाही. बियांपासूनच्या झाडाला आठ-दहा वर्षं सहज लागतात, आणि ही गोष्ट विकणारा सांगत नाही. फळ आलं तरी तोडल्यावर तीन-चार दिवसांत आंबायला लागतं. तेव्हा एकरभर लावून नागपूरच्या बाजाराची स्वप्नं बघू नयेत.

त्यापेक्षा पितांगा बरी. तीही ब्राझीलकडचीच, आठ कंगोऱ्यांचं लाल फळ, चव आंबट-गोड आणि थोडी राळेसारखी. नातवाला आवडत नाही, मला आवडते. माझ्या झाडाला तिसऱ्या वर्षीच फळं लागली.

आपल्या पानावर अशा झाडांबद्दल छापताना शास्त्रीय नाव (जाबुतिकाबाचं प्लिनिया कॉलिफ्लोरा), रोप बियांचं की कलमी आणि फळ किती वर्षांनी, एवढं तरी द्यावं.

गावातल्या त्या तिघांना मी पितांगाच्या बिया द्यायला तयार आहे. पण फळं पिकली की स्वतः येऊन ओल्याच न्याव्या लागतील.

आपली,
एक संत्रा बागायतदार
ता. आर्वी, जि. वर्धा