पैसे ठेवण्याआधी वॉलेट पुसून पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बिटकॉइनची चर्चा होते ती बहुतेक भावावरून. यूपीआयसारखे देण्याघेण्यासाठी ते वापरून पाहायचे तर सुरुवात कुठून करावी, हे फारसे कोणी सांगत नाही. ती खरेदीपासून नव्हे, रिकाम्या वॉलेटपासून, म्हणजे बिटकॉइन सांभाळणाऱ्या ॲपपासून करावी.

वॉलेट ॲप सुरू करताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. पैशांची किल्ली म्हणजे हे शब्द. फोन हरवला तरी चालेल, शब्द हरवून चालणार नाही. ते २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतले असतात आणि त्या यादीत पहिली चार अक्षरे सारखी असलेले दोन शब्द नाहीत. म्हणून कागदावर क्रमांक घालून निदान ती चार अक्षरे सुटी, ठळक लिहावीत. स्क्रीनशॉट काढू नये, तो नकळत क्लाउडवर जातो.

आता पैसे घेण्याचा पहिला पत्ता (खाते क्रमांकासारखी अक्षरे-अंकांची ओळ) उघडा, त्याची शेवटची सहा अक्षरे टिपून ठेवा आणि ॲप काढून टाका. पुन्हा ॲप घेऊन कागदावरचे शब्द भरा. तोच पत्ता दिसला तर कागद बरोबर. चुकीचा शब्द ॲप सहसा नाकारते, पण १२ शब्दांचा क्रम चुकला तर सुमारे १६ पैकी एका वेळी तो स्वीकारला जातो आणि दुसरेच, रिकामे वॉलेट उघडते. पैसे ठेवल्यावर हे कळले तर चोरी झाली असेच वाटते.

मग थोडी रक्कम पाठवून पाहावी. व्यवहार बिटकॉइनच्या मुख्य साखळीत, म्हणजे सामाईक नोंदवहीत, नोंदवण्याचे शुल्क रकमेवर नाही, व्यवहाराच्या बाइटमधील आकारावर ठरते. त्यामुळे २०० रुपयांसाठी मुख्य साखळी महाग पडते, तिथे लाइटनिंग हे छोट्या देयकांसाठीचे बिटकॉइनचे जलद जाळे वापरावे. शुल्क कमी ठेवले तर व्यवहार तासन्‌तास अडकू शकतो. कॉपी केलेला पत्ता बदलणारी व्हायरसे आहेत, म्हणून पाठवण्यापूर्वी पत्त्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही ताडून पाहावे. गेलेले पैसे परत आणणारी बँक इथे नाही.

खरी अडचण कराची आहे. १ एप्रिल २०२२ पासून बिटकॉइन देऊन वस्तू घेणे हेही हस्तांतरण ठरते. १००० रुपयांना घेतलेल्या बिटकॉइनची किंमत १५०० झाल्यावर त्यातून पुस्तके घेतली, तर ५०० रुपयांच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे १५६ रुपये. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजाही होत नाही. शिवाय प्रत्येक खरेदीची तारीख आणि दर विवरणपत्रासाठी जपावा लागतो. वर्षाकाठी ठरावीक मर्यादेपर्यंतच्या किरकोळ देयकांना तरी सरकारने यातून सूट द्यावी. तोपर्यंत किराणा यूपीआयनेच द्यावा आणि वॉलेट शिकण्यापुरते ठेवावे.

आपला,
एक वाचक, ठाणे